रंगूनआत्याचा श्वेजी

गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग झाला. पस्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलेल्या माणसाने गॅसजवळ जाऊ नये असं आमच्या हिचं जुनं मत आहे, आणि पहिल्या दोन खेपांनंतर ते माझंही झालं होतं. तिसऱ्या खेपेला जमलं, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर गुपचूप बसलो असतो.

निमित्त झालं सुनेचं. ती आणि मुलगा सिंगापुरात असतात. तिथे पेनिन्सुला प्लाझा म्हणून एक जुनी इमारत आहे. तिच्यात ब्रह्मी लोकांची दुकानं आणि खानावळी आहेत. एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर तिकडे गेली होती. चहाबरोबर एक वडी खाल्ली आणि तिचा फोटो मला पाठवला. चौकोनी वडी, वरून तांबूस, कडांना जवळजवळ काळी, मधे फुगलेले बेदाणे. खाली लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही सांगता तो रंगूनआत्यांचा शिरा हाच का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. हाच.

आमच्या नात्यातल्या जुन्या मंडळींना रंगूनआत्या सांगायला नको. पण नव्या पिढीसाठी आणि इथे येणाऱ्या इतर मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. जन्म १९२० चा, लग्न १९३७ ला, आणि पुढच्याच वर्षी ती रंगूनला गेली. आतोबा तिथे लाकडाच्या एका कंपनीत हिशेबनीस होते. १९४२ च्या जूनमध्ये ती एकटी परत आली. मग १९८७ साली जाईपर्यंत रत्नागिरीला आमच्याच घरी राहिली. आम्हा भावंडांचं न्हाणंधुणं, पाढे, आजारपणं सगळं तिने केलं. रंगूनची आत्या म्हणून रंगूनआत्या. एवढी ओळख आम्हाला पुरत होती.

वर्षातून एकदोनदा ती हा पदार्थ करायची. घरात सगळे त्याला 'बर्मा शिरा' म्हणत. ती मात्र म्हणायची, "आज श्वेजी करते." मी आठनऊ वर्षांचा असेन. एकदा माझे वडील जेवता जेवता तिला म्हणाले, "अगं, श्वेजी काय? सुजी म्हणतात. आणि तेही हिंदीत. आपल्याकडे त्याला रवा म्हणतात. चार वर्षं तिकडे राहून तुला धड हिंदीही येत नाही." वडील भाषेच्या बाबतीत कडक होते (तो गुण माझ्यातही उतरला, माझे विद्यार्थी सांगतील). आत्या हसली आणि म्हणाली, "बरं, सुजी." त्यानंतर मोठ्यांसमोर ती रवाच म्हणायची. आम्ही पोरं मात्र 'शेजीबाई, शेजीबाई' म्हणून तिला चिडवत असू. तिने कधी मनावर घेतलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही.

तर सांगत काय होतो, सून. मी तिला विचारलं, त्या दुकानातल्या बाईला जरा विचार, रव्याला तुमच्याकडे काय म्हणतात. पुढच्या रविवारी उत्तर आलं, तेही त्या बाईच्या आवाजात, मुद्रित करून. पदार्थाचं नाव 'सनविन मकिन'. आणि रव्याला म्हणतात 'श्वेजी'.

साठपासष्ट वर्षांनी तो शब्द तसाच ऐकला. 'श्वे'वर किंचित दाबून, 'जी' हलका. वडील गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नाहीतर त्यांनाही ऐकवला असता.

ब्रह्मी भाषेत 'श्वे' म्हणजे सोनं. रंगूनचा श्वेडगॉन पॅगोडा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यातला श्वे तोच. पण श्वेजी शब्द कानाशी धरला तर त्यातून 'सुजी' ऐकू येतेच. माझा कयास असा की आपल्याकडच्या लोकांनी सुजी तिकडे नेली, आणि ब्रह्मी लोकांनी तो परका शब्द आपल्या तोंडाला येईल असा वळवताना त्यात सोनं घातलं. भाजलेल्या रव्याचा रंग बघता फार चूक केली नाही! आपणही परके शब्द असेच घडवून घेतो. म्हणजे माझे वडील म्हणत होते ते मुळात बरोबर होतं, शब्द सुजीच. आणि आत्याही बरोबर होती. दोघांच्या मधे एक समुद्र होता, एवढंच.

आता थोडा इतिहास. कंटाळा आला तर खाली कृती आहे तिथे उडी मारावी, मी रागावणार नाही.

ब्रह्मदेश हा तांदळाचा देश. तिथले बहुतेक गोड पदार्थ तांदळाचं पीठ, चिकट तांदूळ, नारळ आणि ताडाचा गूळ यांचे. गहू होतो तो उत्तरेकडच्या कोरड्या भागात, तोही बेताचा. अशा देशात रव्याची वडी 'पारंपरिक' म्हणून चहाच्या दुकानात बसलेली दिसली की इतिहासाच्या मास्तरने थांबून विचारायला हवं, बाई, तुझं माहेर कुठलं? ती एकटीही नाही. तिकडे पलाटा मिळतो, तो आपला पराठा. समूसा आहे. नान-ब्या आहे, तो नान. दंबाउक म्हणून बिर्याणी आहे, ते नाव आलं 'दम पुख्त'वरून. आणि पाथेनचा हालवा तर प्रसिद्धच आहे, तो मात्र चिकट तांदळाचा करतात. नाव आपलं आणि जिन्नस त्यांचा. या पाथेनला इंग्रज 'बॅसीन' म्हणत. आपल्या वसईलाही ते बॅसीनच म्हणत. दोन बॅसीन, बंगालच्या उपसागराच्या पलीकडे एक आणि अरबी समुद्राच्या काठी एक. जुने इंग्रजी कागद वाचताना कोणाचा गोंधळ उडाला नसेल तरच नवल.

इंग्रजांनी ब्रह्मदेश तीन युद्धांत घेतला. पहिलं १८२४ ते १८२६, दुसरं १८५२ आणि तिसरं १८८५. तिसऱ्याचं निमित्त झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली, सागवानाचा धंदा करणारी. १८८६ पासून सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानचा एक प्रांत झाला आणि १९३७ पर्यंत राहिला. म्हणजे कलकत्त्याहून बोटीत बसून रंगूनला जाणारा माणूस परदेशी जात नव्हता, दुसऱ्या प्रांतात जात होता. आणि गेले किती! १९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांवर हिंदी लोक होते. रंगूनची वस्ती चार लाख, त्यांतले निम्म्याहून जास्त हिंदी. गोदीतले हमाल तेलुगू, खलाशी चितगावचे, सावकार तमिळ चेट्टियार, दुकानदार गुजराती, पोलीस आणि पलटणीत पंजाबी. मराठी माणूस थोडा, तोही बहुधा कारकुनीत. आमचे आतोबा त्यांतलेच.

इथे एक गोष्ट लपवू नये असं मला वाटतं. आपण तिकडे गेलो ते राज्यकर्त्यांच्या सावलीत गेलो. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, शेतकरी कर्ज फेडू शकले नाहीत आणि दक्षिण ब्रह्मदेशातल्या मुख्य भातजिल्ह्यांतली सुमारे पाव जमीन चेट्टियार सावकारांकडे गेली. त्याच वर्षी रंगूनच्या गोदीत तेलुगू हमालांच्या संपावरून दंगल पेटली. १९३८ मध्ये पुन्हा मोठी दंगल झाली. आत्या गेली ते हेच वर्ष. नवी नवरी बोटीतून उतरली ती अशा शहरात, जे तिच्या माणसांनी भरलेलं होतं आणि तिच्या माणसांवर चिडलेलं होतं. पण ज्या बाईने तिला श्वेजी शिकवला ती ब्रह्मी होती, शेजारच्या खोलीत राहणारी. हे आत्याने मला सांगितलं होतं. आपला रवा समुद्र ओलांडून गेला, तिकडच्या बायकांनी त्यात नारळाचा रस ओतला, वरखाली निखारे घालून त्याची वडी केली, आणि ती कृती कोकणातल्या अठरा वर्षांच्या मुलीला शिकवली. मुलीने ती परत कोकणात आणली, आणि आम्ही तिला परकी ठरवली.

आम्हा रत्नागिरीकरांना खरं तर ब्रह्मदेश परका नाही. थिबा राजाला १८८५ मध्ये मंडालेहून पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणलं. तो १९१६ मध्ये तिथेच वारला. त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. उलट लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मलेले, त्यांना १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात ठेवलं, तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. मंडालेचा राजा रत्नागिरीला आणि रत्नागिरीचा राजा मंडालेला, हे मी दरवर्षी वर्गात सांगायचो आणि मुलं खूष व्हायची. सहल थिबा पॅलेसला जायची. थिबाची थोरली राजकन्या १९४७ मध्ये वारेपर्यंत रत्नागिरीतच होती. म्हणजे १९४२ नंतर पाच वर्षं त्या गावात ब्रह्मी शब्द कळणाऱ्या दोन बायका राहत होत्या, एक राजाची मुलगी आणि एक आमची आत्या. त्या कधी भेटल्या का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आणि इथेच मला जे लिहायचं आहे ते येतं.

२३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर पहिले बाँब टाकले, दोन दिवसांनी पुन्हा. लोक पळायला लागले. ज्यांना बोटी मिळाल्या ते बोटीने गेले. २० फेब्रुवारीला शहर रिकामं करण्याचा हुकूम निघाला आणि ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. ज्यांना बोट मिळाली नाही ते चालत निघाले. कोणी आराकानमधून चितगावकडे, कोणी चिंदविन नदीने कालेवापर्यंत आणि तिथून तामूवरून डोंगर चढून मणिपूरला, कोणी सगळ्यात शेवटी अगदी उत्तरेच्या जंगलातून आसामला. सगळे मिळून सुमारे पाच लाख हिंदी माणसं त्या काही महिन्यांत बाहेर पडली असं धरतात. वाटेत हजारोंनी मेली, पटकीने, हिवतापाने, उपासमारीने. कमीत कमी आकडा दहा हजारांचा सांगतात, जास्तीचा त्याच्या कितीतरी पट आहे. वाटेवरच्या सोयींत गोरे आणि काळे असा भेद होता, त्यावरून इकडे ओरड झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांकडे होतं.

आत्या आणि आतोबा तामूच्या वाटेने आले. आतोबा इंफाळच्या अलीकडे पटकीने गेले. आत्या दिमापूरला आगगाडीत बसली. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरी बोट बंद, म्हणून ती कोल्हापूरपर्यंत गाडीने आणि पुढे मोटारीने आंबा घाट उतरून घरी आली. हे सगळं मला वडिलांकडून कळलेलं. तेही चार वाक्यांत.

मी बेचाळीस साल किती वेळा शिकवलं असेल? ८ ऑगस्ट, गवालिया टँक, 'छोडो भारत', 'करेंगे या मरेंगे', भूमिगत चळवळ, साताऱ्याचं पत्रीसरकार. पस्तीस वर्षं, वर्गाच्या दोन दोन तुकड्या. पुस्तकात ब्रह्मदेश यायचा तीनदा. १८८५ चं युद्ध, टिळकांचा तुरुंगवास, आणि १९४४ मध्ये इंफाळकडे निघालेली आझाद हिंद सेना. त्या तामू-इंफाळच्या वाटेने दोन वर्षं आधी लाखो माणसं उलट्या दिशेने चालत आली होती, ती पुस्तकात नव्हती आणि म्हणून माझ्या वर्गातही नव्हती.

१९७९ मधली गोष्ट. चाचणी परीक्षा जवळ आलेली, मी पडवीत बसून बेचाळीसच्या चळवळीची टिपणं काढत होतो. मला मोठ्याने वाचत लिहायची सवय. आत्या बाजूला तांदूळ निवडत बसली होती. ती मधेच म्हणाली, "त्या ऑगस्टात मी इथे येऊन दोन महिने झाले होते. सगळे म्हणत होते, मरेंगे मरेंगे. मला वाटायचं, यांना कोणीतरी सांगायला हवं."

मी म्हटलं, "काय सांगायला हवं?"

"काही नाही रे. लिही तू."

आणि मी लिहीत राहिलो. मला वेळ नव्हता असं नाही. सांजवेळ होती, दिवा लागायचा होता, दुसऱ्या दिवशी रविवार. नुसतं "सांग ना आत्या" म्हटलं असतं तर पुरलं असतं. साधनं कशी गोळा करावीत, प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष किती मोलाची, यावर मी मुलांना टिपा द्यायचो, आणि माझी साक्षीदार सूप पाखडत होती. मला तेव्हा खरंच वाटायचं की इतिहास म्हणजे सभा, ठराव आणि तुरुंग. बाकीचं ते घरगुती.

तिने आपणहून सांगितलेल्या गोष्टी मोजून तीन. एक, शेजारणीने शिकवलं ही. दुसरी, निघताना खोलीची किल्ली त्या शेजारणीकडे दिली होती, "परत आल्यावर घेईन" म्हणून. तिसरी रव्याची. वाटेसाठी तिने चांगला खरपूस भाजलेला रवा आणि साखर धडप्यात बांधून घेतली होती. चूल पेटवता येत नसे तेव्हा तो तसाच फक्कीसारखा खायचा, वर उकळलेलं पाणी मिळालं तर. आमच्याकडे कधी शिऱ्याचा रवा कमी भाजला गेला तर ती आईवर चिडायची, एरवी कधी न चिडणारी बाई. "कच्चा ठेवू नको गं, टिकत नाही तो." आम्हाला हसू यायचं, शिरा कुठे टिकवायचा असतो!

असो. आता कृती.

पहिल्या खेपेला मी नेहमीच्या शिऱ्यासारखा रवा भाजला, गुलाबीसर. नारळाच्या रसात शिजवला, थापला, वर खसखस पेरली. चव बरी होती, पण आमची ही म्हणाली, "अहो, हा शिराच आहे. वर खसखस टाकली म्हणून त्याचं सासर बदलत नाही." खरं होतं. दुसऱ्या खेपेला मी ईर्षेने भाजत गेलो आणि फोन आला. पुढचं सांगत नाही. कढई दोन दिवस भिजत होती.

तिसऱ्या खेपेला मंद आचेवर, कोरडाच, तूप न घालता, पंचवीस मिनिटं हात न थांबवता भाजला. रंग गुळावर आला पाहिजे, वास करपल्याच्या अगदी अलीकडे. हेच यातलं सगळ्यात महत्त्वाचं. प्रमाण आमच्या वाटीने असं: एक वाटी जाडा रवा, दोन वाट्या नारळाचा जाड रस, दीड वाटी पातळ रस, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तूप, चिमटीहून थोडं जास्त मीठ, मूठभर बेदाणे, वर घालायला खसखस. मीठ विसरू नये, त्याशिवाय नारळ बोलत नाही. रस डबाबंद चालेल, पण आम्ही दोन नारळ खवले. भाजलेल्या रव्यात दोन्ही रस, साखर आणि मीठ घालून अर्धा तास नुसतं झाकून ठेवायचं. रवा फुगतो. मग जाड बुडाच्या पातेल्यात तूप आणि बेदाणे घालून ढवळत शिजवायचं. आधी वाटतं हे पिठल्यासारखंच राहणार, मग एकाएकी गोळा होऊन कडा सोडतं आणि तूप दिसायला लागतं. त्या क्षणी खाली उतरवायचं. तूप लावलेल्या डब्यात थापायचं, ओल्या उलथन्याने वरून गुळगुळीत करायचं, खसखस पेरून हलकी दाबायची.

तिकडे पुष्कळ जण यात अंडं फेटून घालतात, वडी हलकी होते. आमच्या घरी अंडं येत नसे, त्यामुळे आत्याची वडी घट्ट असायची. मीही तशीच केली. खसखशीला सिंगापुरात बंदी आहे, म्हणून सुनेच्या फोटोतल्या वडीवर तीळ होते. आपल्याकडे बंदी नाही, भाव बघूनच हात आखडतो.

राहिलं भाजणं. मूळ पद्धत खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. ब्रह्मदेशात काही घावनही असेच वरखाली विस्तव ठेवून करतात. आत्याला हे तिकडे नवीन वाटलं नसणार, कारण कोकणात धोंडस असंच होतं. काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ पातेल्यात घालून वर जळत्या निखाऱ्यांचं झाकण. गोव्यात नाताळाला रवा आणि नारळाचा 'बाथ' करतात, तो या वडीचा सख्खा भाऊ शोभेल. बाथमध्ये अंडी, आणि भाजण्याची जुनी रीत तीच वरखाली विस्तवाची. मला आठवतं ते आत्या मागच्या पडवीत दगडांच्या चुलीवर पितळी लंगडी ठेवून वर पसरट परातीत निखारे घालायची. आणि आम्हाला लांब बसवायची. आमच्याकडे आता ओटीजी आहे. १८० वर वीस मिनिटं, मग फक्त वरची कांडी चालू ठेवून दहा मिनिटं, वरून तांबूस होईपर्यंत. कडा काळसर झाल्या तरी घाबरू नये, मुलं त्यावरच भांडायची.

गरम असताना कापू नये, मोडते. हे मी पाळलं नाही आणि पहिला तुकडा मोडकाच खाल्ला. काही बोललो नाही. हिने माझ्याकडे बघितलं आणि दुसरा तुकडा माझ्या ताटलीत सरकवला. दुसऱ्या दिवशी वडी अधिक घट्ट आणि अधिक चांगली लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे उरली नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर काही हिंदी लोक ब्रह्मदेशात परत गेले, काही कधी निघालेच नव्हते. २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. १९६३-६४ मध्ये दुकानं, गिरण्या, बँका सरकारजमा झाल्या, मोठ्या नोटा रद्द झाल्या. सुमारे तीन लाख हिंदी पुन्हा निघाले, या वेळी बोटींनी, अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावं इतक्यावर. चेन्नईचा बर्मा बाजार त्यांच्यातल्याच लोकांनी उभा केला. काही तमिळ कुटुंबं तर परत ब्रह्मदेशात जायला निघाली आणि सीमेवर अडून मणिपुरात मोरेला राहिली, आत्या जिथून आली त्याच वाटेवर. माणसं अशी दोन दोनदा निघाली. श्वेजी मात्र तिथेच राहिला, चहाच्या दुकानात, काचेच्या मागे, ब्रह्मी नावाने. १९८९ मध्ये देशाचं आणि शहराचं नावही अधिकृतपणे बदललं. आत्या तोवर नव्हती. 'यांगून' हा शब्द तिच्या तोंडी मला ऐकल्याचं आठवत नाही.

मंडळी, एक काम आहे. आत्या रंगूनमध्ये कुठल्या रस्त्याला राहत होती, हे मला माहीत नाही. वडिलांच्या कागदांत त्या काळचं एकही पत्र सापडलं नाही. राजापूरच्या काकांकडे आणि गिरगावातल्या मावशीकडे ती अधूनमधून राहायला जायची, बायकांत बसून कदाचित जास्त बोलली असेल. त्या घरांतल्या कोणाला रस्त्याचं नाव, घरमालकाचं नाव, शेजारणीचं नाव, काहीही आठवत असेल तर मला फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही. अर्धवट आठवत असेल तरी चालेल, आणि शब्द विचित्र वाटला तर तो दुरुस्त न करता जसा ऐकला तसाच सांगा.